साध्या डीएसएलआरवर मृग नक्षत्र कसं टिपावं

माझ्या पहिल्या रात्रीचे एकशे बारा फोटो अजून हार्ड डिस्कवर पडून आहेत. वेल्ह्याच्या अलीकडे ओळखीच्यांचं शेत, जानेवारीची थंडी, अमावास्येचं काळंभोर आकाश, आणि सगळ्या फोटोंत तारे बत्ताशांसारखे फुगलेले. लेन्सवर अनंताची खूण होती. तिच्यावर भरवसा ठेवून रिंग तिथे लावली आणि दोन तास कुडकुडत फोटो काढत बसलो. कॅमेऱ्यामागच्या तीन इंची पडद्यावर ते सगळं झकास दिसत होतं. घरी मोठ्या स्क्रीनवर उघडल्यावर कळलं काय होऊन बसलंय ते. त्यामुळे या लेखात मी फोकसपाशी जरा जास्तच रेंगाळणार आहे.

दुर्बीण नको, आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं महागडं माउंटही नको. घरात असलेला साधा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, ५० मिमी एफ १.८ ची स्वस्तातली लेन्स आणि न डुगडुगणारा ट्रायपॉड एवढ्यावर पहिलं चित्र निघतं. आणि पहिल्या रात्री लक्ष्य एकच ठेवा, मृग नक्षत्र. चार पायांचे चार तारे, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि बाणाच्या रेषेत खाली चमकणारा तो सोडणारा व्याध. हे आकाशात शोधावं लागत नाही. शिवाय ५० मिमीच्या उभ्या फ्रेममध्ये ते डोक्यापासून पायापर्यंत बरोबर मावतं.

जाता जाता एक गंमत. ‘मृग लागला’ म्हणून आपण जूनमध्ये पावसाची वाट बघतो, तेव्हा मृग नक्षत्र रात्री दिसतच नाही. सूर्यच त्याच्यात जाऊन बसलेला असतो. फोटोसाठी हिवाळाच हवा.

कधी आणि कुठे

दिनदर्शिकेत अमावास्या बघा आणि तिच्या मागचेपुढचे चार-पाच दिवस धरा. पुण्या-मुंबईच्या रेखांशावर मृगाचा बाण जानेवारीच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास सर्वांत उंच असतो, फेब्रुवारीच्या मध्याला साडेआठलाच. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला दोन तास. त्यामुळे ‘मागच्या महिन्यात दहाला डोक्यावर होतं’ हा हिशोब या महिन्यात चालत नाही.

जागेचं म्हणाल तर शहरापासून जितके लांब जाल तितकं बरं. विदर्भातल्यांना पेंच जवळ आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, भारतातला तो पहिलाच. पुण्यात १९४४ पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकरांना खगोल मंडळ. पहिल्यांदा अशा मंडळींबरोबर जाणं शहाणपणाचं. अनोळखी माळावर रात्री एकट्याने ट्रायपॉड लावून बसलेला माणूस गावकऱ्यांना संशयास्पदच वाटतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. शेत कुणाचं आहे ते विचारून, दिवसाउजेडी एकदा बघून ठेवा.

हे जमणार नसेल तर गच्चीही चालेल. फोटोत तारे कमी येतील, पण मृग येईल.

सेटिंग घरीच, उजेडात करा

अंधारात, बोटं गारठलेली असताना मेनू शोधायला लागलात की चुका होणारच. निघण्यापूर्वी एवढं करून ठेवा:

१. फाइल ‘रॉ’, म्हणजे कॅमेऱ्याने हात न लावलेली. जेपेगमध्ये कॅमेरा अंधुक तारे आणि नॉइज (अंधाऱ्या फोटोतले खरखरीत ठिपके) एकत्रच पुसून टाकतो.

२. मोड ‘एम’, म्हणजे मॅन्युअल.

३. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडणारं भोक, एफ २.८; आकडा लहान तितकं भोक मोठं. लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते हे खरं, पण तेवढी उघडली की कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, ते उडत्या पाखरांसारखे दिसतात.

४. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, गावाकडे ३२००, शहरात ८०० ते १६००.

५. शटर ४ सेकंद. का, ते खाली आहे.

६. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वरून काढून ‘डेलाइट’वर. रॉमध्ये तो नंतरही बदलता येतो, पण सगळे फोटो एकाच रंगाचे दिसले की तुलना सोपी जाते.

७. लेन्सवर स्टॅबिलायझरचं बटण असेल तर बंद. ट्रायपॉडवर ते उगाच स्वतःच थरथरतं.

८. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद. हे चालू राहिलं तर कॅमेरा एकेका फोटोनंतर तेवढाच वेळ स्वतःशी काहीतरी करत बसतो आणि तुमची अर्धी रात्र खातो.

९. पडद्याचा प्रकाश सर्वांत कमी.

बॅटरी दोन न्या, थंडीत एक लवकर मान टाकते. टॉर्चवर लाल पतंगाचा कागद दोन-तीन पदरी रबरबँडने बांधा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइल एकदा उघडला की ती सगळी कमाई गेली. पांढऱ्या उजेडाने ती जेवढी जाते तेवढी लाल उजेडाने जात नाही.

चारच सेकंद का

पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (एका अंशात ३६०० विकला). बिगिनर वर्गातल्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स लावली की एका पिक्सेलमध्ये आकाशाचा सुमारे १५ विकलांचाच तुकडा मावतो. म्हणजे तारा सेकंदाला एक पिक्सेल पळतो. मृगाचा बाण खगोलीय विषुववृत्तावरच (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेवर) आहे म्हटलं तरी चालेल, आणि तिथे हा वेग सर्वांत जास्त. चार सेकंदांत चार पिक्सेलची रेघ येते, ती डोळा खपवून घेतो. दहा सेकंद ठेवलेत तर तांदळाचे दाणे.

सगळीकडे सांगितला जातो तो ‘५०० चा नियम’: ५०० ला फोकल लेंग्थ आणि क्रॉप फॅक्टर (सेन्सर ३५ मिमी फिल्मपेक्षा किती पट लहान तो आकडा) यांच्या गुणाकाराने भागायचं. ५० मिमी आणि १.६ क्रॉपला उत्तर येतं सव्वासहा सेकंद. हा नियम फिल्मवरच्या जाड कणांसाठी ठीक होता, आताच्या बारीक पिक्सेलना तो सैल पडतो. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची लेन्सच असेल तर १८ मिमीवर, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून, दहा सेकंदांपर्यंत जा.

फोकस

आता मुख्य काम. घाई करू नका, इथे वीस मिनिटं गेली तरी गेली.

लेन्सवरचं बटण ‘एमएफ’वर सरकवा. ॲपर्चर तात्पुरतं एफ १.८ वर आणा, म्हणजे पडद्यावर उजेड जास्त मिळेल. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं थेट चित्र) चालू करून कॅमेरा व्याधाकडे वळवा. रात्रीच्या आकाशातला तो सर्वांत तेजस्वी तारा, पडद्यावर दिसायलाच हवा. दिसत नसेल तर फोकस फारच लांब आहे. रिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, कुठेतरी एक धुरकट चकती उगवेल.

ती मधोमध घ्या आणि भिंगाचं बटण दाबून दहापट मोठी करा. इथे प्रत्येक स्पर्शाला चित्र जेलीसारखं हलतं. रिंग केसभर फिरवा, हात काढा, थरथर थांबू द्या, मग बघा. बत्तासा लहान होत जाईल, साबुदाण्याएवढा, मग खसखशीएवढा, आणि परत फुगायला लागेल. फुगू द्या. उलटे फिरा. असं तीन-चारदा पुढेमागे केलं की सर्वांत बारीक ठिपका कुठे आहे ते बोटांना कळतं. आणखी एक खूण सांगतो, मी तिच्यावरच जास्त विसंबतो: फोकस बरोबर जागी आला की व्याधाशेजारचे अंधुक तारे, जे मघाशी नव्हतेच, ते अचानक पडद्यावर टिमटिमायला लागतात. जरा हललं की गायब.

आता ॲपर्चर परत एफ २.८, एक फोटो काढा, तोही पूर्ण मोठा करून बघा. समाधान झालं की रिंगवर मास्किंग टेपची पट्टी चिकटवा. सेलोटेप नको, दवाने निघते आणि गोंद मागे ठेवते. दर अर्ध्या तासाने परत तपासा, कारण हवा गार होत जाते तसा फोकस सरकतो.

ताऱ्यावर फोकस करायला जाळीदार झाकण मिळतं, बाह्तिनोव्ह मास्क म्हणतात. २००५ मध्ये पावेल बाह्तिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकाने ते काढलं. ताऱ्याला तीन किरण फुटतात, मधला बरोबर मध्यावर आला की फोकस झाला. दुर्बिणीवर ते सुरेख चालतं. ५० मिमी लेन्सवर किरण इतके बारीक पडतात की मला त्याचा फारसा उपयोग झालेला नाही.

फोटो काढणं

कॅमेरा उभा धरा, बाण फ्रेमच्या मध्यावर. मृग माथ्यावर असताना त्याची उंची ७० अंशांच्या घरात असते, त्यामुळे आयपीसमधून बघायचं तर जमिनीवर बसावंच लागतं. चटई न्या. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडू नका, बुटका ट्रायपॉड हलत नाही. मधल्या दांड्याला पिशवीत दगड घालून टांगा.

शटरला बोट लावायचं नाही. ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हल टायमर असेल तर उत्तम, नसेल तर दोन सेकंदांचा सेल्फ टायमर. चार सेकंदांचे दीडशे फोटो काढा, म्हणजे दहा मिनिटांचा उजेड जमा होतो. तेवढ्यात मृग फ्रेममध्ये अडीच अंशांहून जास्त सरकलेलं असेल, ते मधे एकदा परत जागेवर आणा. पहिल्या काही फोटोंनंतर हिस्टोग्रामवर, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणाऱ्या डोंगरासारख्या आलेखावर, नजर टाका. डोंगर डाव्या भिंतीपासून सुटलेला हवा. भिंतीला चिकटला असेल तर आयएसओ वाढवा, मध्यापर्यंत आला असेल तर आकाश उजळ आहे, कमी करा.

झालं की लेन्सवर झाकण लावून, एकही सेटिंग न बदलता, आणखी पंचवीस फोटो घ्या. हे ‘डार्क’. सेन्सरचा स्वतःचा नॉइज त्यात नोंदवला जातो आणि नंतर वजा करता येतो. ते जागेवरच घ्यायचे, त्याच थंडीत. घरी जाऊन उबेत घेतलेले कामाचे नाहीत. थर्मासमधला चहा याच वेळेसाठी ठेवलेला असतो.

मध्यरात्रीनंतर खोऱ्यात दव उतरतं. तारे एकेक करून धुरकट व्हायला लागले तर ढग नाहीत, लेन्स पाहा. रुमालाने पुसू नका, परत येतं. लेन्सहूड आधीपासून लावून ठेवा आणि लेन्सभोवती जुन्या मोज्यात हातशेकणीची पुडी गुंडाळा.

घरी आल्यावर

डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल, दोन्ही फुकट आहेत. तारेवाले फोटो ‘लाइट’ म्हणून, झाकणवाले ‘डार्क’ म्हणून द्या. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतले तारे ओळखून एकावर एक बसवतं आणि सरासरी काढतं. नॉइज फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटतो: शंभर फोटो रचले तर दहापट कमी. म्हणजे शंभराचे दोनशे केल्याने फार फरक पडत नाही, चारशे केल्याने पडतो.

बाहेर पडणारं चित्र जवळजवळ काळं असतं. इथे बरेच जण हबकतात. उजेड त्यात आहे, दबून बसलाय. गिम्प या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्हची रेघ डावीकडून थोडीथोडी वर उचलत जा, एका झटक्यात नको. आकाश कोळशासारखं काळं करण्याचा मोह होईल, तसं केलंत तर अंधुक धूसरपणाही त्यातच बुडतो. गडद राखाडी ठेवा.

मग बघा. वरची काक्षी, जिला कोणी आर्द्रा म्हणतात, निखाऱ्यासारखी नारिंगी, आणि तिरप्या टोकाचा राजन्य निळसर पांढरा. बाणाच्या खाली तीन अंधुक तारे लोंबतात, त्यातला मधला तारा नसून गुलाबी धुराचा पुंजका आहे: मृगातला तेजोमेघ, एम ४२, सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर. तुमच्या फोटोत तो जेमतेम अडीचशे पिक्सेलचा असेल. त्याचा मधला भाग जळून पांढरा झाला असेल तर एक-एक सेकंदाचे वेगळे फोटो घेऊन तेवढाच भाग बदलता येतो. इंटरनेटवरच्या फोटोंइतका तो लालभडक येणार नाही, कारण हायड्रोजनच्या लाल प्रकाशातला बराचसा भाग सेन्सरपुढची काचच अडवते. ती काच काढून देणारे लोक आहेत. पहिल्याच वर्षी कॅमेरा उघडायला देऊ नका.

पुढची पायरी

चार सेकंदांचा जाच नको झाला की बिजागरीच्या दोन फळ्या करून घ्या. एकावर एक ठेवून एका टोकाला बिजागरी, आणि तिच्या आसापासून २२८.६ मिमीवर खालच्या फळीतून वर येणारा, १ मिमी आट्यांचा साधा एम ६ स्क्रू. तो मिनिटाला एक फेरा फिरवला की वरची फळी पृथ्वीच्या फिरण्याइतक्याच वेगाने उघडते. उत्तरेकडे तोंड करून बिजागरी डाव्या हाताला ठेवायची आणि तिची रेषा ध्रुवाकडे रोखायची. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो, नागपुरात एकवीस. कॅमेरा वरच्या फळीवर बॉलहेडने (कुठेही वळणाऱ्या गोल सांध्याने). दहा-बारा मिनिटांनी सरळ स्क्रूची चूक साठते, तेव्हा तो मागे घेऊन परत सुरुवात. यावर मी ५० मिमीला तीस सेकंद आरामात घेतो, हाताने स्क्रू फिरवत, मांडीवरच्या घड्याळाकडे बघत.

आमच्या सुताराने मापाचा कागद दोनदा वाचला. ‘दोनशे तीस करू का?’ म्हणाला, ‘दीड मिलिमीटरने काय होतंय?’ खरं तर ५० मिमीला काहीच होत नाही. मी तरी त्याच्याकडून २२८.६ च करून घेतलं.