घराण्याचे मूळ गाव शोधताय? आधी या चुका टाळा

‘आमचे आडनाव अमुक, तर आम्ही मूळचे कुठले?’ एवढ्या एका प्रश्नावर शोध सुरू केला की तो बहुधा भलत्याच गावात जाऊन थांबतो. आडनाव बदलते, गळून पडते, एकाच गावात चार जातींत सापडते. माग काढायचा तो माणसाचा: नाव, बापाचे नाव, गाव आणि साल. या चारांची जोडी जमली की आडनाव आपोआप जागेवर बसते. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

‘कर’ लागले म्हणजे मूळ गाव मिळाले, असे समजणे

गावात राहणाऱ्याला गावकरी त्या गावाच्या नावाने हाक मारत नाहीत. ‘कर’ लागते ते गाव सोडल्यावर, पुढच्या मुक्कामी. घराणे तीन ठिकाणी फिरले असेल तर आडनावात बहुधा मधले गाव उरते, पहिले नव्हे. सांगलीकर, मिरजकर, जमखंडीकर पटवर्धन हे ठळक उदाहरण. ही नावे त्यांच्या संस्थानांवरून पडली. घराणे रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. उलट होळकरांचे आडनाव खरोखरच नीराकाठच्या होळ गावावरून आले. दोन्ही प्रकार असतात, म्हणून कागद हवा.

दुसरी अडचण एकाच नावाच्या गावांची. वडगाव, पिंपळगाव, शिरगाव महाराष्ट्रात डझनांनी आहेत. वडगावकरांनी नकाशावरचे सर्वात जवळचे वडगाव उचलले की पुढचा सगळा शोध वाया. जुन्या कागदात गावाआधी ‘मौजे’ किंवा ‘कसबे’ आणि नंतर तर्फ, परगणा (जुने महसुली विभाग) येतो. तो परगणा टिपून घेतला नाही, तर गावाचे नाव मिळूनही काही मिळालेले नसते.

हुद्द्याच्या आडनावावरून भाऊबंद जुळवणे

कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख, चिटणीस, पोतनीस, सबनीस ही कामाची नावे. दोन कुलकर्णी घराण्यांत हुद्द्यापलीकडे काही साम्य असेलच असे नाही. त्याखाली जुने उपनाव असते आणि शोध त्याचा घ्यायचा. नाना फडणीसांचे घराणे वेळासचे भानू. सरदार रास्ते मूळचे वेळणेश्वरचे गोखले. तुमच्या घरी हे उपनाव कुणाला आठवत नसेल, तर लग्नकार्यातल्या जुन्या याद्या, इनामाचे कागद, दत्तकपत्र यांत ते ‘उपनाम’ म्हणून लिहिलेले सापडू शकते. पवार, शिंदे, मोरे, जाधव यांचे तर विचारूच नका. ही नावे इतक्या जातींत पसरली आहेत की नुसत्या नावावरून राजघराण्याशी नाते जोडणे हा केवळ हौसेचा भाग.

सरकारी नोंदीत आडनाव शोधत बसणे

सर्वात जास्त वेळ इथे वाया जातो. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, यात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असतात आणि त्यांत आडनाव बऱ्याचदा नसतेच. बापाचे नाव, जात, तारीख, आणि मुलाच्या जागी नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बारसे व्हायच्या आधी नोंद झालेली असते. त्यामुळे आजोबांचे नाव सापडत नाही म्हणून पान उलटू नका, पणजोबांचे नाव आणि अंदाजे साल धरून बघा. शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर जन्मतारखेच्या बाबतीत कच्चे असते (गुरुजींनी जूनची तारीख टाकून दिलेली असे), पण गाव आणि जात यासाठी चांगले.

जमिनीच्या नोंदीत मागे जायचे तर सातबारा पुरत नाही. तो आजची स्थिती दाखवतो. पिढ्या फेरफारात, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींत असतात, गाव नमुना 6 मध्ये. सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक नवे ते जुने असे उलट्या क्रमाने लिहून काढा आणि एकेक काढत जा. ‘मयत, वारस अमुक तमुक’ असा फेरफार मिळाला की एक पिढी पक्की झाली. गट क्रमांकापाशी साखळी तुटते, कारण एकत्रीकरणात, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडताना, सर्व्हे नंबर बदलले. अशा वेळी तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांची जुळणी दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा मागवा. नकलेच्या अर्जात गाव, सर्व्हे किंवा गट नंबर आणि सालाचा पल्ला लिहा. ‘आमच्या घराण्याचे सगळे कागद द्यावेत’ असा अर्ज रेकॉर्ड रूममध्ये कुणालाच उपयोगाचा नसतो.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यामुळे फेरफार त्याच्या फार मागे नेत नाहीत. मराठवाड्यात निजामाच्या काळातले महसुली कागद उर्दूत आहेत, तेव्हा वाचणारा माणूस आधी शोधावा. कोकणात जमीन खोताच्या (गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या) नावे असल्याने कुळाचे नाव मालकाच्या रकान्यात दिसणार नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात पाहा.

दोन आद्याक्षरे चुकीची वाचली जातात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या एका नावामागे चार भाऊ दडलेले असतात, आणि ते पाहून ‘पणजोबा एकुलते एक’ असे वंशावळीत लिहिणारे बरेच भेटतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्याचा पालक. तिथे बहुधा आई किंवा चुलत्याचे नाव असते, बापाचे नव्हे. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमुकचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमुकची बायको. ‘कोम’ नंतरचे नाव बापाचे धरले की सून लेक होऊन बसते आणि शाखाच उलटी होते.

सालाचे चुकीचे रूपांतर

पेशवेकालीन मोडी कागदावर आकड्यांऐवजी शब्दांत साल येते: ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’. हे सुहूर सन. आधी एकम, मग दशक, शतक, सहस्र: इहिदे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000, म्हणजे 1161. त्यात 599 मिळवले की 1760, आणि वर्ष मृगापासून म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून चालते, म्हणून हे 1760-61. पानिपत याच वर्षातले. हाच 1161 कुणी हिजरी सन समजले तर 1748 येते. बारा वर्षांची चूक वंशावळीत बाप आणि मुलगा यांची अदलाबदल करायला पुरेशी आहे. महसुली कागदात फसली सन असेल तर 590 मिळवा. फसली 1310 म्हणजे 1900-01. शकात 78, पण पौषानंतरच्या तिथ्यांना बहुधा 79. रूपांतर केलेल्या सालाशेजारी मूळ साल जसेच्या तसे लिहून ठेवा, म्हणजे पुढे चूक सापडली तर दुरुस्त करता येते.

मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत. नाव दोन प्रकारे वाचता येत असेल तर दोन्ही वाचने नोंदवा. मनाजोगे एक उचलू नका.

एकाच नावाचे दोन पुरुष एक करणे

नातवाला आजोबाचे नाव ठेवायची रीत असल्याने रामजी बिन गणोजी, गणोजी बिन रामजी, पुन्हा रामजी बिन गणोजी असे चक्र चालते. दोन रामजींना एक केले की दोन पिढ्या गळतात. दोन नोंदींत पन्नास-साठ वर्षांचे अंतर असेल तर संशय घ्या. पिढीला साधारण 25 ते 30 वर्षे धरून हिशेब मांडा, आणि प्रत्येक नावासोबत भाऊ आणि बायको लिहा. रामजी दोन असले तरी त्यांच्या बायका वेगळ्या असतात. दत्तक झाले असेल तर एकच माणूस दोन बापांच्या नावे दिसतो. ती नोंदणाऱ्याची चूक नसते, दत्तकापूर्वीचा आणि नंतरचा कागद वेगळा करा.

तीर्थोपाध्यायांकडे रिकाम्या हाताने जाणे

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या वह्या घराण्याच्या माहितीची खाण आहेत, पण त्या गाव आणि घराण्यानुसार वाटलेल्या असतात. नुसते आडनाव सांगून उपाध्ये सापडत नाहीत. मूळ गाव, जुना तालुका, जात, आजोबा-पणजोबांची नावे आणि पूर्वी कुणी कधी जाऊन आले असल्यास तेही सोबत न्या. वहीत पाहायचा तो पूर्वजाने स्वतः लिहिलेला किंवा सांगून लिहवलेला लेख. नवी वही करताना जुन्या लेखाची नक्कल होते, आणि त्यात एखादा चुलता गळतो. फोटो काढायला आधी विचारा, नाही म्हटले तर समोर बसून नक्कल उतरवून घ्या.

कुलदैवत म्हणजे गाव नव्हे

कुलदैवत दिशा दाखवते. पत्ता देईलच असे नाही. गोव्यातल्या सारस्वत घराण्यांच्या बाबतीत तर ठरलेली चूक होते. कुलदैवत मंगेशी म्हणून मूळ गाव मंगेशी, असे लिहिले जाते. पण देव 1560 मध्ये पोर्तुगीजांच्या धाकाने कुठ्ठाळीहून, म्हणजे जुन्या कुशस्थळीहून, आजच्या जागी आणला. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. मूळ गाव शोधायचे ते जुन्या जागेच्या आसपास.

छापील कुलवृत्तांत आणि ऑनलाइन याद्या

कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या शाखा आणि पिढ्यांची पुस्तके, ही मेहनतीची कामे आहेत, पण मुली बहुधा गाळलेल्या असतात आणि न जुळलेल्या शाखा शेवटी वेगळ्या दिलेल्या असतात. त्या शाखा आधी पाहा, तुमची बहुधा तिथेच असते. ‘आडनावाचा इतिहास’ म्हणून फिरणाऱ्या याद्यांना कागदाचा आधार नसेल तर बाजूला ठेवा. डीएनए चाचणीवरून गाव कळत नाही.

महाराष्ट्राबाहेर गेलेली घराणी

तंजावरच्या मराठी घरांत आडनाव गळून नुसते ‘राव’ उरले. तिथे गोत्र, कुलदैवत आणि देवघरातला कुळाचार यांवरून जुळवणी होते.

मॉरिशसची गोष्ट निराळी आहे. कंत्राटी मजूर म्हणून गेलेल्या पूर्वजाचे पहिले नावच वंशजांचे आडनाव झाले: रामजी, बापू, बाबाजी, पांडू. असे आडनाव घेऊन महाराष्ट्रात भाऊबंद शोधणे फुकट. शोधायचा तो मजुराचा क्रमांक. तो जुन्या जन्म-विवाह नोंदींवर मिळू शकतो, आणि मॉरिशसमधल्या मोका या गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या अभिलेखात त्या क्रमांकावरून बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव आणि जहाज मिळते. गावाचे नाव कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले, तेव्हा मोठ्याने वाचा आणि तालुक्याच्या गावयादीशी ताडून पाहा. जिल्हे त्या काळचे धरा: तेव्हाच्या रत्नागिरीत मालवण-देवगड येत, सिंधुदुर्ग 1981 मध्ये वेगळा झाला, आणि सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान होते. मुंबईहून जहाज सुटले म्हणजे माणूस मुंबईचा, हेही खरे नाही. गाव वाचता आले नाही तर त्याच जहाजातले पुढचे-मागचे दहा-वीस क्रमांक काढा. एका गावची माणसे बरेचदा एकत्र निघत, आणि कारकुनाने त्यातल्या एखाद्याचे गाव तरी नीट लिहिलेले असते.