बायबलवर वाद घालायचा तर असा घाला

मी नगरची. इतिहासाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, त्यामुळे पवित्र शास्त्र घरात रोज वाचलं जायचं, आणि ते खरं आहे असं मी आजही मानते. माझ्याशी वाद घालणारे गृहस्थ म्हणजे आमच्याच शाळेतले विज्ञानाचे सर. ते देव मानत नाहीत. रविवारी दुपारी ते आमच्याकडे येतात आणि चहा झाला की बायबल उघडलं जातं. इतकी वर्षं हा वाद टिकला तो काही पद्धती पाळल्यामुळे. त्याच इथे मांडते. मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला, दोघांनाही त्या सारख्याच लागू आहेत.

सगळ्यात आधी प्रश्न ठरवा आणि तो कागदावर लिहा. ‘ख्रिस्ती धर्म खरा की खोटा’ हा वादाचा विषय होऊ शकत नाही. त्यावर फक्त भांडण होतं. ‘येशूची कबर रिकामी सापडली असं मानायला पुरेसा आधार आहे का’ हा विषय होऊ शकतो. १९४८ साली बीबीसी रेडिओवर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट धर्मगुरू फ्रेडरिक कोपलस्टन यांचा देवाच्या अस्तित्वावर वाद झाला. सुरुवातीलाच कोपलस्टन यांनी ‘देव’ म्हणजे आपण दोघं नेमकं काय समजतो ते ठरवून घेतलं. रसेल यांनी ती व्याख्या मान्य केली आणि मगच वाद पुढे सरकला. दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही, पण ऐकणाऱ्याला मतभेद कुठे आहे ते नीट कळतं.

प्रश्न लिहिला की तो कोणत्या जातीचा आहे ते पाहा. मूळ मजकुरात काय होतं हा एक प्रश्न, तो हस्तलिखितांवरून सुटतो. घटना घडली का हा दुसरा, तिथे इतिहासाची साधनं लागतात. देव आहे का, तो असं करेल का, हा तिसरा, आणि तो तत्त्वज्ञानाचा. आमच्या वादात सगळ्यात जास्त गोंधळ एकातून दुसऱ्यात उडी मारल्याने होतो. सर एखाद्या वचनाची तारीख विचारतात आणि मी विश्वासाचं महत्त्व सांगू लागते, किंवा मी साक्षीदारांबद्दल विचारते आणि ते धर्मयुद्धांवर जातात. आता आमच्यात ठरलंय: उडी दिसली की समोरच्याने कागदावरच्या प्रश्नावर बोट ठेवायचं, बोलायचं काही नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या जुन्या शास्त्रार्थाच्या पद्धतीतला पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, तेही त्याला पटेल असं. त्याने ‘हो, हेच म्हणणं आहे माझं’ म्हटल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले मराठी पंडित. त्यांनी आधी ख्रिस्ती मताचं खंडन करणारा ग्रंथ संस्कृतात लिहिला, १८४८ साली स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि पुढे षड्दर्शनांवर टीका करणारा ग्रंथ लिहिला. दोन्ही बाजूंनी लेखणी चालवलेला माणूस तो. समोरच्याचं शास्त्र आतून माहीत असल्याशिवाय हे जमत नाही. बायबलवर बोलणाऱ्या नास्तिकाने किमान मार्कचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एक) सलग वाचलेलं असावं. तास-दीड तासात ते होतं. आणि विश्वासणाऱ्याने चमत्कारांविषयीचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा १७४८ चा युक्तिवाद निदान एकदा शांतपणे वाचलेला असावा.

वचन काढलं की अख्खा अध्याय मोठ्याने वाचा, आणि दोघांच्या हातात एकच भाषांतर असू द्या. एकेक वचन तोडून फेकायची सवय दोन्हीकडे आहे. ‘माझ्या वैऱ्यांना इथे आणून माझ्यासमोर ठार करा’ असं येशू म्हणाला, हे मी अनेकदा ऐकलंय. लूकच्या शुभवर्तमानातलं १९:२७ (अध्याय १९, वचन २७) उघडा आणि अकराव्या वचनापासून वाचत या. तो मोहरांचा दाखला आहे आणि हे वाक्य दाखल्यातल्या राजाच्या तोंडी आहे. त्या दाखल्यावरही कठीण प्रश्न विचारता येतात, जरूर विचारा, पण येशूने अनुयायांना दिलेली आज्ञा म्हणून ते चालत नाही. आमच्याकडच्यांचं बघा. यिर्मया २९:११, ‘माझे संकल्प हिताचे आहेत’, हे ख्रिस्ती घरातल्या भिंतीवर, कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर असतं. त्याच्या आधीचं दहावं वचन सांगतं की बाबेलची, म्हणजे बॅबिलोनची, सत्तर वर्षं भरल्यावर हे होईल. ते पत्र बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. तेव्हा ‘देवाने मला चांगल्या नोकरीचं वचन दिलंय’ असं त्यावरून कुणी म्हणालं आणि समोरच्याने हरकत घेतली, तर हरकत रास्त आहे.

विश्वासणाऱ्यांना आणखी एक कळकळीची विनंती. स्तोत्र १४ मधलं ‘मूढ आपल्या मनात म्हणतो, देव नाही’ हे वचन वादात समोरच्यावर फेकू नका. पुढची वचनं वाचलीत तर त्या स्तोत्राचा रोख देवाच्या लोकांना भाकरीसारखं खाणाऱ्या दुष्टांवर आहे हे दिसतं. प्रामाणिकपणे शंका विचारणाऱ्या माणसाला त्या वचनाने गप्प करणं हा शास्त्राचा गैरवापर आहे.

आता रिकाम्या कबरेचंच उदाहरण पूर्ण करून दाखवते, कारण पद्धत उदाहरणातच कळते. फूलस्केप कागद आडवा धरा, चार रकाने पाडा: मत्तय २८, मार्क १६, लूक २४, योहान २०. आडव्या ओळींत प्रश्न लिहा. कबरेकडे कोण गेलं? कबरेच्या तोंडावरची धोंड कधी सरली? तिथे कोण दिसलं? बायांनी पुढे काय केलं? शिष्यांना कुठे जायला सांगितलं?

भरायला लागलात की फरक डोळ्यांसमोर येतात. मत्तयात मग्दालीया मरीया आणि दुसरी मरीया. मार्कात मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. लूकमध्ये सलोमेचं नाव नाही, योहान्ना आहे, शिवाय ‘इतर’ बाया. योहानात एकटी मग्दालीया मरीया. मार्कात आत शुभ्र झगा घातलेला तरुण बसलेला, मत्तयात भूकंप होतो आणि देवदूत धोंड लोटून तिच्यावर बसतो, लूकमध्ये दोन पुरुष, योहानात दोन देवदूत, तेही मरीयेला नंतर दिसतात. मत्तयात बाया भीतीने आणि आनंदाने शिष्यांकडे धावतात. मार्क १६:८ मध्ये त्या भीतीमुळे कुणालाच काही सांगत नाहीत.

इथे सरांसारख्यांनी थांबून प्रत्येक ओळीला एक कसोटी लावावी: दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात का? असू शकत असतील तर तो फरक आहे, विसंगती म्हणू नका. बायांच्या नावांची ओळ तशी आहे. योहान २०:१ मध्ये मरीया एकटी दिसते, पण दुसऱ्याच वचनात ती येशूचा शिष्य पेत्र याला सांगते की प्रभूला कुठे ठेवलं ते ‘आम्हांला’ ठाऊक नाही. म्हणजे बरोबर आणखी कुणी होतं, लेखकाने नावं घेतली नाहीत. हा मुद्दा मी काढला तेव्हा सरांनी कागदावर त्या ओळीपुढे स्वतः ‘विसंगती नाही’ असं लिहिलं.

शेवटच्या ओळीत मात्र माझ्यासारखीने घाई करू नये. मार्क आणि मत्तयात निरोप आहे की येशू तुमच्याआधी गालीलात (उत्तरेकडचा प्रांत) जात आहे, तिथे तो तुम्हांला दिसेल. लूकमध्ये दर्शनं यरुशलेम आणि जवळपास होतात, आणि २४:४९ मध्ये वरून सामर्थ्य मिळेपर्यंत शहरातच राहा अशी आज्ञा आहे. हे जुळवण्याचे प्रयत्न झालेत, मला ते माहीत आहेत, पण प्रत्येकात मजकुरात नसलेलं काहीतरी घालावं लागतं. ते घातलंय हे सांगून घालावं. लपवून घातलं की समोरच्याचा आपल्या बाकीच्या मुद्द्यांवरचाही भरवसा जातो.

मग मार्कचा शेवट. १६:९ ते २० ही वचनं चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत, सिनाय आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रतींत, नाहीत. सिनाय प्रतीची पानं इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, योहान ७:५३ ते ८:११, हीदेखील जुन्यात जुन्या प्रतींत नाही. विश्वासणाऱ्याने हे आपणहून सांगावं. अनेक नव्या भाषांतरांत तशी तळटीप असतेच. मला ती गोष्ट प्राणप्रिय आहे, पण योहानाने ती मूळ शुभवर्तमानात लिहिली असा दावा मी वादात करत नाही.

आणि न मानणाऱ्याने करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५, वचन ३ ते ८ टाळू नये. ते पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ मधलं, म्हणजे वधस्तंभानंतर वीसेक वर्षांतलं. बहुतेक अभ्यासक चारही शुभवर्तमानं त्यानंतरची मानतात. पत्र लिहिणारा पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हांला दिलं, आणि उठलेला येशू कुणाकुणाला दिसला त्याची केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेंहून अधिक बंधू, याकोब, अशी यादी देतो. म्हणजे ‘ही कथा पिढ्यान्‌पिढ्या फुगत गेली’ हे उत्तर इथे पुरत नाही. येशू आपल्याला दिसला असं म्हणणारे लोक फार लवकर होते. सरांनी हे मान्य केलंय. त्यांचं पुढचं म्हणणं असं की दिसल्याचा अनुभव येणं आणि मेलेला माणूस उठणं यांत अंतर आहे, आणि त्या यादीत कबरेवर गेलेल्या बायांचा उल्लेखच नाही. हे त्यांचं बिनतोड निरीक्षण आहे. मी उत्तर देते की बायांच्या साक्षीला त्या समाजात कमी वजन होतं; कथा रचायची असती तर पहिल्या साक्षीदार म्हणून बाया कुणी घातल्या नसत्या.

इथवर आलात की कागद संपतो आणि खरा मतभेद उघडा पडतो. ह्यूमचं म्हणणं असं की चमत्काराच्या साक्षीवर तेव्हाच विश्वास ठेवावा, जेव्हा ती साक्ष खोटी असणं हे चमत्कारापेक्षाही अशक्य ठरेल. देव नाही असं आधीच मानलं असेल तर असा प्रसंग जवळपास येतच नाही. देव आहे असं मानलं असेल तर पुनरुत्थान अशक्य उरत नाही. हे दोघांनी मोठ्याने कबूल करावं, कारण त्यानंतर वचनं फेकण्यात अर्थ नसतो. प्रश्न बदलून ‘देव आहे का’ असा नवा कागद घ्यावा लागतो.

येशू नावाचा माणूस होऊन गेला का, यावर फार वेळ घालवू नका. रोमन इतिहासकार टॅसिटसने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सुभेदार पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिल्याचं लिहिलंय, आणि पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकार योसेफसने ‘ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब’ असा उल्लेख केलाय. मात्र योसेफसचा दुसरा, येशूची स्तुती करणारा उतारा जसाच्या तसा पुरावा म्हणून दाखवू नका. त्यात नंतरच्या ख्रिस्ती हाताने भर घातली आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात.

जुन्या करारातले कठीण उतारे समोर आले, उदाहरणार्थ १ शमुवेल १५:३, जिथे अमालेक्यांच्या तान्ह्या मुलांनाही मारण्याची आज्ञा आहे, तर विश्वासणाऱ्याने लगेच समर्थनाला धावू नये. वाचा, आणि हे वाचताना मला त्रास होतो, हे खरं सांगा. मग आपण तो उतारा कसा समजतो ते सांगा. तान्ह्या मुलांच्या हत्येचं सफाईदार समर्थन ऐकून कुणाचं मन येशूकडे वळलेलं मी पाहिलेलं नाही.

प्रश्न दुःखातून आला असेल तर वाद थांबवा. माझ्या शेजारणीचा तरुण मुलगा गेला. अंत्यविधीनंतर तिने मला विचारलं, ‘तुमचा देव त्या रात्री कुठं होता, बाई?’ मी तिच्या घरी भाकऱ्या थापल्या, तिच्या सुनेला जेवायला बसवलं. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. नंतर ते देवाची बाजू मांडू लागले, आणि शेवटी, ४२:७ मध्ये, देवच त्यांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत.

बैठकीचं टिपण ठेवा. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने ते इंग्रजीत छापले. पुढे मराठीतही पुस्तक निघालं. म्हणून कोणता मुद्दा कुणी मांडला हे आज आपल्याला वाचता येतं. आमची साधी वही आहे. तारीख, प्रश्न, कुणी काय मान्य केलं, काय राहिलं. मागच्या वेळी मान्य केलेलं पुन्हा नाकारायचं असेल तर कारण द्यावं लागतं.

पहिल्या बैठकीला विषय हवा असेल तर लूक २ मधली नावनिशी (जनगणना) घ्या. मत्तय २ प्रमाणे येशू हेरोद राजाच्या काळात जन्मला, आणि हेरोद बहुतेकांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये वारला. लूक २:२ सीरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या वेळच्या नावनिशीशी जन्म जोडतो, आणि योसेफसवरून ती इ.स. ६ ची ठरते. मानणाऱ्याने योसेफसचा तो भाग वाचून यावं, न मानणाऱ्याने लूकचे पहिले दोन अध्याय सलग. माझं मत असं की लूकची कालगणना इथे जुळत नाही, आणि तेवढ्यावरून बेथलेहेमचा जन्म खोटा ठरत नाही. यातला पहिला अर्धा भाग सरांना मान्य आहे, दुसरा नाही.