पायाचे बोट मोडले आहे का, हे कसे ओळखावे आणि काय करावे

पायाच्या बोटाला जोराची ठेच लागली किंवा त्यावर जड वस्तू पडली की हा नुसता मुका मार आहे की हाड मोडले आहे, हा प्रश्न लगेच पडतो. अशा वेळी बहुतेकजण बोट हलवून पाहतात आणि ते हलले की निर्धास्त होतात, पण ही खूण फसवी आहे. बोट हलवणारे बरेचसे स्नायू पोटरीत आणि तळपायात असतात आणि ते कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यांच्या, साहाय्याने बोट ओढतात. त्यामुळे हाडाला तडा गेलेला असतानाही बोट हलू शकते.

मोडलेल्या बोटाला थोड्याच वेळात सूज येते, ते ठणकू लागते आणि साधारण दिवसभरात त्याच्याभोवती काळेनिळे डाग उमटतात. मात्र ही लक्षणे मुक्या मारातही दिसत असल्याने दुखण्याची जागा नीट तपासावी. बोटाचे हाड दोन्ही बाजूंनी अलगद चाचपून पाहावे. मांसल भाग सगळीकडे सारखाच दुखत असेल तर मुक्या माराची शक्यता अधिक, पण हाडावरच्या एखाद्या ठरावीक जागी कळ येत असेल तर हाड मोडल्याचा संशय घ्यावा. बोटाचे टोक मागच्या दिशेने हळूच दाबल्यावर वेदना टोकाशी न होता मधेच कुठेतरी उमटली, तर हा संशय बळावतो. बोट शेजारच्या बोटांपेक्षा वाकडे किंवा वळलेले दिसत असेल, तर चाचपण्याचीही गरज नाही. थेट डॉक्टरांकडे जावे. ते स्वतः ओढून सरळ करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

बोटात जोडवे किंवा अंगठी असेल तर सूज चढण्याआधी ती काढावी. बर्फ फडक्यात गुंडाळून एका वेळी 15 ते 20 मिनिटे, दर दोन-तीन तासांनी लावावा आणि पाय उशीवर, छातीच्या पातळीपेक्षा वर राहील असा ठेवावा. पहिले दोन दिवस गरम पाण्याचा शेक आणि तेलाचे मालीश कटाक्षाने टाळावे, कारण दोन्हींमुळे सूज वाढते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. आयब्युप्रोफेन घ्यायचे असेल तर मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण किंवा गर्भारपण असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

लहान बोटांपैकी, म्हणजे अंगठा सोडून इतर बोटांपैकी, एखादे मोडले असेल आणि ते सरळ असेल, तर शेजारचे धडधाकट बोट हाच त्याचा उत्तम आधार ठरतो. दोन्ही बोटे धुऊन पूर्ण कोरडी करावीत आणि त्यांच्यामध्ये कापसाची किंवा गॉजची पातळ घडी ठेवावी. ही घडी पुष्कळांकडून राहून जाते आणि मग घामाने कातडी ओली राहून सोलवटते. त्यानंतर औषधाच्या दुकानात मिळणारी चिकटपट्टी दोन्ही बोटांभोवती गुंडाळावी. एक वेढा बुडाकडे आणि एक टोकाकडे, सांधा मोकळा सोडून. नखे झाकू नयेत, कारण पट्टी घट्ट झाली आहे का हे त्यांच्यावरूनच कळते. नख दाबल्यावर पांढरे पडते. बोट सोडल्यावर दोन सेकंदांत ते पुन्हा गुलाबी झाले नाही, किंवा बोट गार, निळसर वा बधिर वाटू लागले, तर पट्टी तत्काळ सैल करावी. पट्टी आणि कापूस दररोज बदलणे चांगले.

सरळ राहिलेल्या लहान बोटाचे हाड मोडलेले असो वा नसो, उपचार जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी एक्स-रे लागतोच असे नाही. अंगठ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. इतर बोटांत सहसा तीन हाडे असतात, अंगठ्यात दोनच, पण चालताना पाऊल पुढे ढकलण्याचे काम मुख्यतः तोच करतो. म्हणून अंगठ्यावर शंका असेल तर एक्स-रे काढावाच. जखम उघडी असेल, नखाखाली रक्त साकळून ठणका असह्य होत असेल, बोट बधिर झाले असेल किंवा दुखापत लहान मुलाला झाली असेल, तरी घरच्या उपचारावर विसंबू नये. मुलांच्या हाडांत वाढीचा भाग असतो आणि नखाच्या बुडाशी झालेल्या जखमेतून हाडात जंतुसंसर्ग होऊ शकतो. उघड्या जखमेसाठी धनुर्वाताच्या इंजेक्शनची गरज आहे का, हेही विचारून घ्यावे.

मधुमेह असलेल्यांना तर माझी कळकळीची विनंती आहे. त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे मोडलेले बोटही फारसे दुखत नाही आणि पट्टीखाली झालेली जखम लक्षात येत नाही. त्यांनी, तसेच पायांचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी, पट्टी स्वतः न बांधता त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवावा.

लहान बोटाचे हाड साधारणपणे चार ते सहा आठवड्यांत जुळते. अंगठ्याला कधीकधी याहून अधिक काळ लागतो. या काळात तळवा कडक आणि पुढचा भाग रुंद असलेले पादत्राण वापरावे, म्हणजे पाऊल टाकताना बोट वाकत नाही. धूम्रपानामुळे हाड जुळण्यास उशीर होतो, म्हणून निदान तेवढे दिवस तरी ते बंद ठेवावे. धावणे आणि उड्या मारणे, बोट दाबल्यावर दुखेनासे झाल्यानंतरच सुरू करावे. थोडी सूज आणखी काही आठवडे रेंगाळली तरी घाबरण्याचे कारण नाही. पण सहा आठवड्यांनंतरही चालताना हाडात कळ येत असेल, तर पुन्हा तपासून घ्यावे.