डॉक्सी, अ‍ॅझी, क्लिंडा, लिनेझोलिड: घरी घेताना नेमकं काय पाळायचं

औषध घरी आणल्यावर आधी ब्रँडचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा आणि त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ नाव वाचा. डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, लिनेझोलिड यांपैकी काही असेल, तर पुढची माहिती तुमच्यासाठी आहे. अ‍ॅमॉक्सिसिलिन किंवा सेफ हे अक्षर असलेली औषधं वेगळ्या गटातली. ती जीवाणूच्या भिंतीवर काम करतात आणि त्यांचे नियमही वेगळे आहेत.

डॉक्सिसायक्लिनपासून लिनेझोलिडपर्यंतची यादीतली सगळी औषधं जीवाणूचा प्रथिनं बनवण्याचा कारखाना अडवतात. त्या कारखान्याचं नाव रायबोसोम. जीवाणूच्या रायबोसोमचे दोन भाग असतात, छोटा ३०एस आणि मोठा ५०एस. डॉक्सी छोट्या भागाला चिकटते. अ‍ॅझी, क्लिंडा आणि लिनेझोलिड मोठ्या भागाला चिकटतात. माणसाच्या पेशीतला मुख्य रायबोसोम वेगळ्या घडणीचा असल्याने तो बहुतांशी सुटतो. ही रचना अणूंच्या पातळीवर उलगडल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यांतले वेंकटरमण रामकृष्णन हे बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले.

घरी घेणाऱ्याने यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक म्हणजे विषाणूकडे स्वतःचा रायबोसोम नसतो, त्यामुळे सर्दी, फ्लू, डेंग्यू यांवर ही औषधं चालत नाहीत. मेडिकलवर जाऊन ‘खोकल्याला एक अ‍ॅझी द्या’ म्हणणं म्हणूनच चुकीचं. दुसरी म्हणजे यांतली बहुतेक औषधं जीवाणूला मारत नाहीत, त्याची वाढ थांबवतात. पुढची सफाई आपली प्रतिकारशक्ती करते. रक्तातली पातळी मध्येच घसरली की जीवाणू पुन्हा वाढू लागतो, म्हणून ‘दिवसातून दोनदा’ याचा अर्थ साधारण १२ तासांच्या अंतराने, सकाळी ८ आणि रात्री ८. सकाळी नाश्त्याला एक आणि दुपारी जेवताना दुसरी, असं चालत नाही. डोस चुकला तर आठवताच घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका.

आता डॉक्सी. सर्वांत जास्त चुका हिच्याच बाबतीत होतात.

मोठ्यांना बहुधा १०० मिग्रॅची कॅप्सूल दोन वेळा लिहिलेली असते. ती पूर्ण ग्लासभर, म्हणजे २०० ते २५० मिली साध्या पाण्यासोबत गिळायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दोन घोट पाण्यावर घेतली तर कॅप्सूल अन्ननलिकेला चिकटून तिथेच विरघळते. डॉक्सी आम्लधर्मी असल्याने त्या जागी व्रण पडतो, मग छातीत आग होते आणि भाकरीचा घास गिळतानाही दुखतं. झोपायच्या तोंडावर घेणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावं. सकाळी ७ ला घरी आल्यावर काही खा, ग्लासभर पाण्याने कॅप्सूल घ्या, अर्धा तास बसा आणि मग झोपा. दुसरी संध्याकाळी ७ ला, पाळीवर जाण्याआधी.

मळमळ होत असेल तर पोटात अन्न असताना घ्या, पण ते अन्न कोणतं हे बघा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी चालते, त्यासोबतचं दही चालत नाही. दूध, दही, ताक, पनीर यांतलं कॅल्शियम डॉक्सीला आतड्यातच बांधून टाकतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. जुन्या टेट्रासायक्लिनपेक्षा डॉक्सीचं नुकसान कमी होतं, तरी आधी-नंतर दोन तास मोकळे ठेवा. कॅल्शियमच्या गोळ्या, झिंक आणि अ‍ॅसिडिटीचं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ औषध यांनाही हाच नियम. लोहाची गोळी जास्त अडचणीची आहे. रक्तातून पुन्हा आतड्यात उतरणारी डॉक्सीसुद्धा ती पकडते. कोर्स ७ दिवसांचा असेल तर तेवढे दिवस लोह थांबवायचं का, हे डॉक्टरांना विचारलेलं बरं. थांबवता येत नसेल तर दोन्हींत किमान तीन तास अंतर ठेवा.

उन्हाचं काय? एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो आणि डॉक्सी त्वचेला अतिनील किरणांबाबत हळवी करते. नेहमीच्या उन्हातही नाक, मान, हातांची पाठ भाजल्यासारखी लाल होते, कधी नखं खालच्या त्वचेपासून सुटू लागतात. कोर्स चालू असताना दुपारी ११ ते ४ बाहेर जाणं टाळा. शेतात किंवा दुचाकीवर जावंच लागलं तर पूर्ण बाह्या, स्कार्फ, हातमोजे आणि एसपीएफ ३० चं क्रीम वापरा. कातडी भाजल्यासारखी वाटली तर डॉक्टरांना लगेच कळवा.

मुरुमांसाठी डॉक्सी घेणाऱ्यांनी आयसोट्रेटिनॉइन हे मुरुमांचं दुसरं औषध सोबत घेऊ नये. दोन्ही मिळून डोक्यातला दाब वाढू शकतो. जोरदार डोकेदुखी आणि धूसर दिसणं ही त्याची खूण, तेव्हा औषध थांबवून त्याच दिवशी दाखवा. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर औषध लिहून घेतानाच सांगा. आठ वर्षांखालच्या मुलांच्या दातांवर डाग पडण्याची भीती असल्याने हा गट सहसा टाळतात. पण स्क्रब टायफससारख्या आजारात लहान मुलालाही डॉक्सीचा छोटा कोर्स देतात, कारण तिथे आजाराचा धोका कितीतरी मोठा असतो. डॉक्टरांनी विचार करून दिली असेल तर दातांच्या भीतीने बंद करू नका. मुदत संपलेली पट्टी मात्र कधीही वापरू नका. कालबाह्य टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी १९६० च्या दशकापासून आहेत. गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत तापलेली पट्टीही तशीच टाकून द्यावी.

अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीनच गोळ्या पाहून ‘एवढ्याने काय होणार’ असं वाटतं. हे औषध पेशींत साठतं आणि शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला जवळजवळ तीन दिवस लागतात, म्हणून घशाच्या किंवा छातीच्या काही संसर्गांत ५०० मिग्रॅ रोज एक, असे तीन दिवस पुरतात. टायफॉइडला डोस आणि दिवस दोन्ही जास्त लागतात, तेव्हा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून आपला हिशेब करू नका. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर सांगा. उलटीसाठीचं ऑनडॅनसेट्रॉन, अ‍ॅसिडिटीच्या गोळीत मिसळलेलं डॉमपेरिडोन आणि अ‍ॅझी ही तिन्ही हृदयाच्या विद्युत लयीवर एकाच दिशेने परिणाम करतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा.

मुलांच्या अ‍ॅझीच्या सुक्या सिरपमध्ये घोटाळा होतो तो ताकदीचा. दुकानात ५ मिलीत १०० मिग्रॅ आणि ५ मिलीत २०० मिग्रॅ अशा दोन बाटल्या मिळतात, दिसायला सारख्याच. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १० मिग्रॅ लिहिले तर रोजचे १२० मिग्रॅ होतात, म्हणजे पहिल्या बाटलीतून ६ मिली आणि दुसरीतून ३ मिली. चिठ्ठीवर ‘३ मिली’ असेल आणि हातात १०० वाली बाटली आली, तर मुलाला निम्मंच औषध मिळेल. दुकानातच चिठ्ठीवरची ताकद आणि लेबल ताडून बघा. चिठ्ठीवर ताकद लिहिलेली नसेल तर फोन करून विचारा.

पावडर कालवताना बाटली आधी कोरडीच आपटून तळाची ढेप मोकळी करा. खोक्यात पाण्याची कुपी असेल तर तेच पाणी वापरा. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या, इथे काही दिवसांआड येणारं, टाकीत साठवलेलं पाणी थेट नको. लागणाऱ्या पाण्यापैकी आधी निम्मं घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस खाली बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा आणि पुन्हा हलवा. फेसालाच पातळी समजलं तर पाणी कमी पडतं आणि औषध जास्त तीव्र होतं. एकदम पाणी ओतलं तर तळाला गोळा राहतो, मग पहिले डोस फिके आणि शेवटचे कडक होतात. लेबलवर कालवल्याची तारीख लिहा, प्रत्येक डोसआधी हलवा आणि घरच्या चमच्याऐवजी बिनसुईच्या सिरिंजने मोजा. ठेवायचं कुठे आणि किती दिवस, हे लेबलवरून ठरवा. मे महिन्यात पत्र्याच्या घरात लेबलवरची मर्यादा सहज ओलांडली जाते. फ्रीजची परवानगी नसेल तर घरातला सर्वांत गार, अंधारा कोपरा, माठाजवळचा, निवडा. क्लॅरिथ्रोमायसिनचं सिरप फ्रीजमध्ये ठेवू नका. ते घट्ट आणि आणखी कडू होतं, मग मूल थुंकतंच. कोर्सनंतर बाटलीत औषध उरणारच, ते पुढच्या तापासाठी राखू नका.

क्लिंडामायसिनलाही ग्लासभर पाणी हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुलाब. दिवसात तीनहून जास्त वेळा पाण्यासारखं झालं, रक्त पडलं किंवा ताप आला तर औषध थांबवून डॉक्टरांना गाठा. जुलाब बंद करणारी गोळी स्वतःहून घेऊ नका. आतड्यातल्या एका जीवाणूचं विष त्यामुळे आतच अडकतं. हा त्रास कोर्स संपल्यावर दोन महिन्यांपर्यंतही होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना क्लिंडा घेतल्याचं आठवणीने सांगा.

लिनेझोलिड हे या यादीतलं सर्वांत जपून घ्यायचं औषध. आपल्या पेशींत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे रायबोसोम जीवाणूच्या रायबोसोमशी मिळतेजुळते आहेत आणि लिनेझोलिड त्यांनाही अडवतं. दोन आठवड्यांहून जास्त घेतलं तर रक्तपेशी कमी होऊ शकतात, म्हणून दर आठवड्याला सीबीसी ही रक्तपेशी मोजणारी तपासणी करतात. महिन्याच्या पुढे गेलं तर पायांना मुंग्या, जळजळ, दृष्टी धूसर होणं किंवा रंग फिके दिसणं यांकडे रोज लक्ष हवं. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या बीपीएएलएम उपचारात हे सहा महिने चालतं. तिथे ते स्वतःहून बंद करू नका, त्रास सुरू होताच क्षयरोग केंद्रात सांगा. डोस कमी करायचा की थांबवायचा ते डॉक्टर ठरवतात. नैराश्याच्या गोळ्या, ट्रामाडॉल किंवा नाक मोकळं करणारी सर्दीची गोळी सोबत घेऊ नका. मधुमेहाची इन्शुलिन किंवा गोळी चालू असेल तर साखर अचानक उतरू शकते, तेव्हा ग्लुकोमीटर हाताशी ठेवा.

अमिकासिन आणि जेंटामायसिन ही इंजेक्शनं ३०एस भागावर काम करतात. ती मूत्रपिंड आणि कान दोन्हींना त्रास देऊ शकतात, म्हणून क्रिएटिनिन तपासल्याशिवाय गल्लीतल्या कंपाउंडरकडून टोचून घेऊ नयेत. आईच्या बाजूच्या नात्यात कुणाला अशा इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासं झालं असेल तर आधीच सांगा. मायटोकॉन्ड्रियातला एक बदल आईकडून येतो आणि तो असला की थोड्या डोसनेही कान जाऊ शकतो.

याच पद्धतीने काम करणारं एक औषध आपल्या सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाच्या बागांत फवारलं जातं. तेल्या या डाळिंबाच्या जीवाणूजन्य रोगासाठी वापरल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुडीत ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लिन असतं, जातकुळी माणसाच्या औषधाचीच. रोग दिसण्याआधी, सवय म्हणून मारलेली प्रत्येक फवारणी प्रतिकार करणारे जीवाणू निवडत जाते. तेल्याचा मुख्य बंदोबस्त छाटणीतच करा. डाग पडलेल्या फांद्या खालच्या निरोगी भागापर्यंत कापा, प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा, पडलेली पानं-फळं गोळा करून नष्ट करा आणि छाटणीनंतर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. पुडी वापरायचीच वेळ आली तर तिला सध्या परवानगी आहे का, हे आधी कृषी सहायकांकडून किंवा केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडून विचारून घ्या. हातमोजे आणि मास्क घाला, उरलेलं द्रावण विहिरीच्या किंवा कालव्याच्या आसपास ओतू नका.