वाय-फाय दिसत नाही? फोनची केबल जोडा
कॉम्प्युटरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, डेस्कटॉप झकास उघडला, पण वाय-फायचं चिन्हच नाही. बहुतेकदा वाय-फाय कार्ड धडधाकट असतं, ते चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर तेवढा नसतो. आणि तो उतरवायला इंटरनेट हवं! अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. काही सेकंदांत वायर्ड कनेक्शन दिसू लागतं. नाही दिसलं तर आधी केबल बदला; काही केबल नुसत्या चार्जिंगपुरत्या असतात (माझा अर्धा तास त्यातच गेला). फोन वाय-फायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, मोबाइल डेटा वाचतो.

आता सगळे अपडेट घ्या. मग तुमचं लिनक्स ज्या प्रकारचं असेल त्याप्रमाणे उबुंटूत 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स', मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून सुचवलेला ड्रायव्हर टाका. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट होताना निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल मोक' (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरची ओळख-किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलंत, तर ड्रायव्हर असूनही वाय-फाय बंदच.

मशीन जड वाटलं तर 'स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स'मधली नको ती मंडळी बंद करा. रॅम 4 जीबीच असेल तर सरळ एक्सएफसीई (Xfce) हा हलका डेस्कटॉप घ्या.