तुऱ्यावरून कात्री, आणि पडद्याची चूक

पहिल्या हिवाळ्यात मी कात्री घेऊनच शेडमध्ये शिरलो होतो. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पाचशे पिल्लांवर धंदा सुरू केलेला, जोडीला आठ-दहा मोठे गावठी कोंबडे. बर्फाळ देशात तुरा गोठून काळा पडतो, म्हणून तो आधीच छाटतात, असा व्हिडिओ पाहिला होता. आणि नेमके आमच्या दोन कोंबड्यांच्या तुऱ्यावर काळे डाग. शेजारचे आबा बांधावरूनच ओरडले, "कसाले कापस रे? उन्हायामा काय करशी?" (कशाला कापतोस रे? उन्हाळ्यात काय करशील?)

आबांचं खरं होतं. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली काही उष्णता तुरा आणि गळ्याखालच्या लोंबत्या कातडीतून बाहेर पडते. आपल्याकडे उन्हाळ्यात तोच तुरा कामी येतो. धुळ्याची थंडी कितीही कडाक्याची म्हणा, पाच-सहा अंशांवर तुरा गोठत नाही. छाटणी करतात ती हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रात, एक दिवसाच्या नर पिल्लांची. मोठ्या कोंबड्याचा तुरा कापाल तर रक्त आवरता आवरणार नाही. आणि ते डाग? कोंबड्यांच्या देवी रोगाच्या खपल्या निघाल्या. हा रोग डास पसरवतात, त्यावर लस मिळते.

माझं खरं नुकसान पडद्यांनी केलं. डिसेंबरात पिल्लांना गारठा नको म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री थेट छपरापर्यंत आवळली. पहाटे आत गेलो तर डोळ्यांतून पाणीच. खालचं तूस ओलं, वर अमोनियाचा भपका. चौथ्या दिवशी पिल्लं घरघरायला लागली; पस्तीस गेली. आता पडदा खालून वर चढवतो आणि वरची फूटभर फट रात्रभर उघडी ठेवतो. दुपारी ऊन आलं की पडदा सगळा खाली. तूस रोज खालीवर करायचं, ओलं झालेलं लगेच बाहेर.

ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बखाली, पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर लावाच, पण नजर पिल्लांवर. बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय. कडेला पांगून चोची वासल्या तर उकडतंय. मी एखादं उचलून त्याचे पाय गालाला लावतो. गार लागले की बल्ब खाली घेतो.

लाइटचा भरवसा नाही, म्हणून कोळशाची शेगडी तयार असते. तिचा धूरही त्या वरच्या फटीतूनच जातो, तेव्हा शेगडी पेटवलेल्या रात्री तर फट अजिबात बुजवू नका.