मृगाआधी नळ्या भरून ठेवा

मुंग्या पाळायच्या तर निम्मी तयारी पावसाच्या आधीच उरकावी लागते. पहिला दमदार पाऊस झाला की पंखवाल्या मुंग्या उडतात. त्यांतली एक राणी पकडून काचेच्या नळीत ठेवली की तिच्यापासूनच पुढे वसाहत वाढते; त्या मोजक्या संध्याकाळी हुकल्या तर बहुधा पुढच्या वर्षीच. म्हणून मे महिन्यातच लॅबचं सामान मिळतं त्या दुकानातून पाच-सहा काचेच्या परीक्षानळ्या आणाव्यात. 15 सेंटीमीटर लांब आणि 16 मिलिमीटर व्यासाच्या पुरतात. घरात कापूस असतोच. लाल जिलेटिन कागद मात्र आठवणीने आणा. लाल उजेड मुंग्यांना फारसा कळत नाही, त्यामुळे त्यातून डोकावता येतं.

नळी भरताना तिसरा हिस्सा पाणी घ्या आणि कापसाचा बोळा पेन्सिलीने पाण्याला टेकेपर्यंत सरकवा. नळी उलटी करून रात्रभर ठेवा. सकाळी पलीकडे पाणी आलं असेल तर बोळा बदला, नाहीतर राणी बुडेल. राणी आत गेली की तोंडाला कोरडा बोळा, जरा सैलसर, हवा जाईल इतपत.

कुठली मुंगी? माझं मत विचाराल तर अंगणात फिरणारा साधा काळा मुंगळाच. त्याची राणी दीड सेंटीमीटरच्या आसपास असते, नीट दिसते आणि पहिली पिल्लं मोठी होईपर्यंत काही खात नाही. निकामी झालेल्या पंखांचे स्नायू जिरवून त्यावरच निभावते. पानं शिवून घरटं करणाऱ्या ओंबिलांच्या नादी नवख्याने लागू नये. वारूळ खणून राणी काढू नका, आणि परदेशी राण्यांचा मोह तर नकोच. 2025 साली केनियात नळ्यांमध्ये भरलेल्या हजारो राण्यांसह दोन बेल्जियन तरुण पकडले गेले, त्यांना दहा लाख शिलिंगांचा दंड झाला.

दिव्याभोवती जमतं ते सगळं मुंग्यांचं नसतं; बरीच वाळवी असते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या. नर लहान डोक्याचे आणि किरकोळ अंगाचे, ते सोडून द्या. पंख झडलेली, छाती फुगीर असलेली आणि जमिनीवरून घाईघाईने आडोसा शोधणारी दिसली की तीच आपली राणी. उड्डाणात नराशी एकदा जुळणी झाली की त्याच्या शुक्राणूंची शिदोरी तिला जन्मभर पुरते.

आता अंधाऱ्या कपाटात नळी ठेवायची आणि हात आवरायचा, हे सगळ्यात कठीण. मी पहिल्या वर्षी रोज बघायचो. राणीने स्वतःची अंडी खाल्ली. दुसऱ्या वर्षी नळी स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली, तर साखरेच्या डब्यावर येणाऱ्या बारीक लाल मुंग्या कापसातून आत शिरल्या आणि सकाळी राणीचे तुकडे उरले होते. मुंग्यांपासूनच मुंगी जपावी लागते! तेव्हापासून पाण्याच्या परातीत वाटी उपडी घालून तिच्यावर नळ्या ठेवतो, आजी दुधाचं पातेलं ठेवायची तशा.

आठवड्यातून एकदा बघणं पुरे. साधारण दीड महिन्यात आधी अंडी, मग अळ्या, मग तांदळाच्या दाण्यासारखे फिकट कोश दिसतात. मुंग्या तोंडात धरून पळवतात ती 'अंडी' म्हणजे बहुतेकदा हेच कोश. पहिल्या कामकरी मुंग्या खुरट्या निघतात, घाबरू नका. त्या बाहेर आल्या की फॉइलच्या तुकड्यावर साखरपाण्याचा थेंब आणि डासाएवढा मेलेला किडा द्या. औषध मारलेल्या घरातलं झुरळ अजिबात नको. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा, नाहीतर बुरशी धरते.

अ‍ॅक्रिलिकचं शोभेचं घर तूर्त विकत घेऊ नका. वीस-पंचवीस मुंग्या होईपर्यंत त्यांना नळीच बरी. मग नळीचा कोरडा बोळा काढून ती तशीच एका उंच काठाच्या डब्यात आडवी ठेवायची. डब्याच्या आतल्या बाजूने वरच्या काठाला टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून दोन बोटं रुंद पट्टा द्या आणि पूर्ण वाळू द्या, ओल्या पट्ट्यावरून मुंगळे सहज चढतात.